नाताळची रोषणाई: कुठली माळ कुठे लावायची?

डिसेंबर लागला की मुंबईच्या लोहार चाळीतल्या दुकानांत माळा दिवसाढवळ्याच पेटवून ठेवलेल्या असतात, आणि पेटलेली प्रत्येक माळ छानच दिसते. तिथे उभं राहून ठरवणं म्हणूनच कठीण. माझं मत सरळ आहे: आधी घरात माळ कुठे टांगायची ते ठरवा, मग वायर पाहा, आणि रंग व लुकलुकण्याचे आठ प्रकार सगळ्यात शेवटी.

पहिला प्रश्न जुन्या तारेच्या बल्बचा. पोटमाळ्यावरून तशी माळ निघाली, तर तिचा पिवळसर उजेड आजही मोह पाडतो. विजेचा हिशेब मात्र लोक उगीच मोठा करतात. २४ डिसेंबरपासून तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत, १४ रात्री होतात. रोज ६ तास धरले तर ५० वॅटची जुनी माळ ४.२ युनिट खाते आणि ५ वॅटची एलईडी माळ ०.४२. युनिट दहा रुपयांना धरलं तरी एका माळेमागे ३८ रुपयेच वाचतात. अख्खी इमारत मढवायची असेल तर फरक जाणवेल, एका खिडकीसाठी नाही. जुन्या माळेचा खरा दोष आहे उष्णता. ट्री म्हणून तोडून आणलेली सुरूची फांदी दोन-चार दिवसांत वाळते, येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यात सुका पेंढा असतो, आणि त्यात गरम बल्ब खुपसणं म्हणजे आगीला आमंत्रण. शिवाय साध्या माळेत एक बल्ब गेला की सगळी ओळ विझते आणि तो एक शोधण्यात संध्याकाळ जाते. इथे एलईडीच घ्यावी, फार विचार करू नये.

खरी तुलना एलईडीमधल्याच दोन जातींची आहे: थेट प्लगात खोचायची माळ आणि अडॅप्टरवर चालणारी माळ.

थेट प्लगाची माळ स्वस्त असते, कारण तिच्यात व्होल्टेज उतरवणारं काही नसतं. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. असे दिवे एकापुढे एक जोडायचे, की २३० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. दिवे इवलेसे दिसतात म्हणून लोक ती वायर निर्धास्तपणे हाताळतात. पण ती कुठे सोलली किंवा तुटली, तर उघड्या टोकाला पूर्ण २३० व्होल्टचा झटका बसू शकतो. आपल्याकडे तर बाल्कनीला लोखंडी ग्रिल, आणि माळ बांधायला हाताशी बाइंडिंगची तार! तार वायरीत रुतली, प्लास्टिक कापलं गेलं, की अख्ख्या ग्रिलमध्ये वीज उतरते. सुतळीने नाहीतर प्लास्टिकच्या टायने बांधा. एकमेकींना जोडता येणाऱ्या माळांमध्ये शेवटच्या टोकाला टोपण आहे ना, तेही पाहा. ते टोक बहुतेक वेळा उघडंच लोंबत असतं.

अडॅप्टरच्या माळेत वायरीतून २४ किंवा ३१ व्होल्टच जातात. यूएसबीवरच्या तांब्याच्या बारीक तारेत तर फक्त ५. हात लागला तरी भीती नाही. किंमत जास्त, आणि अडॅप्टर गेला की माळ मुकी. ५ व्होल्टची तार लांब असेल तर शेवटचे दिवे मंद दिसतात, म्हणून दहा मीटरची एक घेण्यापेक्षा पाच-पाच मीटरच्या दोन बऱ्या. अडॅप्टर मात्र घरातच ठेवायचा, बाहेर फक्त वायर न्यायची.

तेव्हा माझी वाटणी अशी. ट्री, गोठा, ग्रिल आणि लहान मुलांचा हात पोचेल अशी कुठलीही जागा अडॅप्टरवाल्या माळेला. वर पागोळीखाली, हात न पोचणाऱ्या भिंतीवर थेट प्लगाची चालेल, पण जाड वायरीची, आणि घरात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, असेल तरच. पैसे कमी पडत असतील तर दिव्यांची संख्या कमी करा. दोनशे दिव्यांच्या केसासारख्या वायरीपेक्षा शंभर दिव्यांची दणकट वायर केव्हाही बरी. खोक्यावर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो शोधायला दुकानात लाजू नये.

गोठ्यासाठी बॅटरीवरची तारही मिळते. प्लग नको, वायर लपवायला नको, सगळं सोयीचं. फक्त चपट्या बटण-सेलची घेऊ नका. घरात तान्ही-रांगती मुलं असतील तर तो सेल गिळला जाणं जिवावर बेततं. पेन्सिल सेलची, स्क्रूने बंद होणाऱ्या डबीची घ्या.

बाहेरच्या माळेवर आयपी४४ किंवा आयपी६५ लिहिलेलं असतं. दुसरा आकडा पाण्याचा: ४ म्हणजे शिंतोडे सोसणारी, ५ म्हणजे पाण्याचा फवाराही. वसई असो की म्हापसा, डिसेंबरात पाऊस सहसा नसतो, दव मात्र भरपूर पडतं; छपराखाली आयपी४४ पुरते. उघड्या अंगणातल्या झाडासाठी आयपी६५ घ्या. २०१७ साली ओखी वादळाने ऐन डिसेंबरात मुंबईला भिजवलं होतं.

सोलर माळ ऐकायला गोड वाटते. आपल्याकडे डिसेंबरात आभाळ निरभ्र असतं, त्यामुळे ती युरोपातल्यापेक्षा इथे चांगली चालते. अट एकच, पॅनेलला दिवसभर ऊन हवं. सूर्य त्या दिवसांत दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून उत्तरेच्या बाल्कनीत ती जवळजवळ निकामी. समोर रस्त्यावरचा दिवा असेल तर तिला अंधार झालाय हेच कळत नाही. आणि लहान बॅटरीची असेल तर चर्चमधली मध्यरात्रीची मिस्सा (प्रार्थना) आटोपून घरी परताल तेव्हा ती झोपलेली असेल. अंगणातल्या झाडाला हौसेपुरती ठीक, दर्शनी भागासाठी नको.

पडद्यासारख्या सोडायच्या माळा फोटोत देखण्या दिसतात. खिडकीचं माप घेऊनच जा, कारण तीन बाय तीन मीटरचा पडदा फ्लॅटच्या खिडकीत अर्धा गुंडाळावा लागतो. पिक्सेल माळांबद्दल एवढंच सांगेन की मोबाइलवरून रंग बदलण्याची हौस दोन रात्रींत फिटते.

दारावरच्या स्टारसाठी माळ नको, होल्डर आणि ५ वॅटचा एलईडी बल्ब पुरे. कागदी स्टारमध्ये जुना ४०-६० वॅटचा बल्ब लावणारे अजून दिसतात. कागद आधी पिवळा पडतो, मग करपतो. लाल स्टारमध्ये वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर उजेडाचा, बल्ब लावा, लाल रंग खुलतो. पांढऱ्याशुभ्र बल्बने तोच स्टार फिका वाटतो.

माळेच्या रंगातही हाच नियम. २७०० ते ३००० केल्विन म्हणजे जुन्या बल्बसारखा उबदार उजेड, ६५०० म्हणजे निळसर पांढरा, औषधाच्या दुकानातला. वॉर्म व्हाइट घेताना सगळ्या माळा एकाच खोक्यातल्या घ्या. वेगवेगळ्या लॉटमधल्या शेजारीशेजारी टांगल्या की एक पिवळी, एक गुलाबी दिसते. माळ स्थिर उजेडावर ठेवून तिच्यासमोर हात झपझप हलवा. हाताच्या तुटक तुटक प्रतिमा दिसल्या तर ती लुकलुकते आहे आणि रात्री डोळे दुखवणार आहे.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी हौसेने माळ आणली असेल, तर खोचण्याआधी तिच्यावरचा आकडा वाचा. तिथली वीज १२० व्होल्टची. नुसती पिन बदलून ती माळ आपल्या २३० व्होल्टवर लावली तर जळेल. सोबत अडॅप्टर असेल आणि त्यावर १००-२४० लिहिलेलं असेल, तर मात्र खुशाल लावा.