साक्ष नोंदवण्याची खोली चांगली, पण तिथवरची वाट कोण पाहणार?

पुण्यातील एका न्यायालयात लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांतील बालसाक्षीदारांसाठी वेगळी खोली केलेली आहे; तिच्याविषयीचा हा अभिप्राय. बाल कल्याण समितीने नेमलेली सपोर्ट पर्सन, म्हणजे खटल्याच्या काळात मुलाला सोबत आणि आधार देणारी व्यक्ती म्हणून मी एका मुलीसोबत तेथे तीन तारखांना गेले. न्यायालयाचे नाव मुद्दाम देत नाही, आणि मुलीची ओळख पटेल असे काही लिहिण्याची मुभा पोक्सो कायद्याचे (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) कलम २३ मला देत नाही, हे बरेच आहे.

आधी खोलीविषयी. न्यायाधीश उंच आसनावर नव्हते, मुलीसमोर साध्या खुर्चीवर बसले होते. आरोपी पडद्यापलीकडे होता. त्याला साक्ष ऐकू येत होती, पण मुलगी त्याला दिसत नव्हती आणि तो मुलीला. कलम ३३ प्रमाणे वकिलांनी आपले प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे आणि मुलाला ते न्यायाधीशांनीच विचारायचे. ही तरतूद कागदावर किरकोळ वाटते. तिची किंमत उलटतपासात कळते. मुलीने आरडाओरडा का केला नाही, असे आरोपीच्या वकिलांनी विचारले. न्यायाधीशांनी क्षणभर थांबून तोच प्रश्न असा विचारला : “तेव्हा तुझ्या तोंडून आवाज निघाला का गं?” तिने नकारार्थी मान हलवली, आणि मान हलवल्याचीही नोंद झाली. देसाईगंज पोलीस ठाण्यातील १९७२ च्या बलात्कार प्रकरणात (मथुरा प्रकरण) मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना सोडले होते, आणि त्यावरील संतापातून १९८३ मध्ये कायदा बदलला. तो इतिहास ठाऊक असणाऱ्याला प्रश्नाची ही बदललेली शब्दरचना लहानसहान वाटणार नाही.

तक्रार आहे ती खोलीबाहेरची. पहिल्या तारखेला साहेब रजेवर होते, दुसऱ्या तारखेला आरोपीच्या वकिलांनी मुदत मागितली. दोन्ही वेळा पुकारा होईपर्यंत आम्ही व्हरांड्यातील बाकावर बसून होतो, आणि समोरच्या बाकावर आरोपीची आई डबा उघडून बसली होती. जामिनावर असलेला आरोपी चहाला जाताना आमच्यापासून चार हातांवरून गेला. मुलीने माझी ओढणी मुठीत धरली ती दुपारपर्यंत सोडली नाही. साक्ष नोंदवताना मुलाची आरोपीशी गाठ पडू नये, असे कलम ३६ सांगते. साक्षीआधीच्या तीन तासांबद्दल ते काही बोलत नाही, आणि मुलांना तारखेच्या दिवशी खरी भीती वाटते ती याच वेळात. न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत साक्ष आणि शक्यतो वर्षभरात निकाल, हे कलम ३५ मधील वेळापत्रक तर आमच्या बाबतीत साक्षीआधीच उलटून गेले होते.

तिसऱ्या तारखेआधी आम्ही सरकारी वकिलांमार्फत लेखी अर्ज दिला आणि पुकाऱ्यापर्यंत मुलीला त्याच खोलीत बसू देण्याची परवानगी मागितली. ती लगेच मिळाली. खोली सकाळपासून रिकामीच असते, हे तेव्हा समजले! परवानगी देणाऱ्यांचे आभार मानते, पण हा अर्ज करावा लागतो हे कोणत्याही पालकाला कोणी सांगत नाही.

प्रौढ पीडितांसाठीही एक गोष्ट नोंदवते. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असुरक्षित साक्षीदाराची (म्हणजे साक्ष देताना ज्याला विशेष संरक्षण लागते त्याची) व्याख्या रुंदावली; लैंगिक अत्याचाराची पीडित व्यक्ती, वय काहीही असो, तीत येते. त्यामुळे अशी सोय मोठ्या बाईलाही मागता येते आणि तिने ती संकोच न करता मागावी. नुकसानभरपाईसाठी मनोधैर्य योजनेची चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावी लागते. या खोलीत त्याविषयी साधा कागदही लावलेला नाही.

खोलीला पाचपैकी चार गुण देते, व्हरांड्याला एकही नाही. जाणाऱ्यांनी पाण्याची बाटली आणि खाऊ सोबत ठेवावा. रंगकामाची वही तेथे मिळते, पण स्केचपेन सगळी वाळलेली आहेत. ती घरूनच न्यावीत.