वर्कशॉपसाठी एआय: महिन्याचा प्लॅन घ्यावा की एजन्सीकडून बनवून घ्यावं?

ठाण्याच्या वागळे इस्टेट आणि नवी मुंबईच्या रबाळे-महापे औद्योगिक पट्ट्यातल्या छोट्या युनिट्सची हिशोबाची आणि कॉम्प्युटरची कामं बघतो मी. सध्या शेठलोकांचा एकच प्रश्न असतो, एआय घ्यायचंय, कुठलं घेऊ? माझं म्हणणं असं की कुठलं ते नंतर बघू, आधी त्याला काम कुठलं द्यायचं ते ठरवा, आणि त्या कामात चूक झाली तर ती कोणाच्या नजरेला पडणार तेही ठरवा.

मुख्य पर्याय दोन. चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड यातलं एखादं महिन्याच्या प्लॅनवर घेऊन स्वतः वापरायचं, नाहीतर एजन्सीला पैसे देऊन आपल्या धंद्यापुरतं वेगळं बनवून घ्यायचं, म्हणजे व्हॉट्सॲपवर उत्तर देणारा बॉट किंवा पीओ (परचेस ऑर्डर, म्हणजे पार्टीची खरेदीची ऑर्डर) वाचून एन्ट्री टाकणारी सिस्टीम. मधला एक रस्ता आहे, तुमच्याकडे आधीच आलेलं वापरायचं. गूगल वर्कस्पेसच्या बिझनेस प्लॅनमध्ये २०२५ पासून जेमिनाय आतच मिळतं, झोहो या बिझनेस सॉफ्टवेअरमध्ये झिया नावाचं एआय आहे. हे पहिलं तपासा, कारण पैसे भरले जातायत आणि कोणी उघडूनही बघत नाही असं बऱ्याच ऑफिसात दिसतं.

आता कोटेशनचं काम घ्या. पार्टीचा व्हॉइस मेसेज येतो, अर्धा हिंदी अर्धा मराठी, ईएन-एटचा चाळीस डायाचा राउंड बार, लांबी दीडशे, दोनशे नग, सकाळपर्यंत रेट द्या. म्हणजे ईएन-एट ग्रेडच्या स्टीलचा गोल बार, व्यास चाळीस मिलिमीटर, लांबी दीडशे मिलिमीटर. हे टाइप करून किंवा बोलून प्लॅनवाल्या एआयला दिलं की दोन मिनिटांत स्वच्छ इंग्रजीत कोटेशन तयार, जीएसटी, डिलिव्हरी, पेमेंट टर्म्स सगळं जागच्या जागी. पण वजन बघा. मिलिमीटरमधल्या डायाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला ९.८८ किलो, एकूण ३० मीटर, साधारण २९६ किलो. एआय इथपर्यंत येतं. कटिंगचा लॉस आणि फेसिंगचा (तुकड्याची टोकं सपाट करण्याचा) मार्जिन मात्र सांगितल्याशिवाय धरेलच असं नाही. ब्लेडचे तीन मिलिमीटर धरले तरी दोनशे कटला सहाशे मिलिमीटर मटेरियल जातं, म्हणजे जवळपास सहा किलो. शेठ किंवा लेथवरचा जुना कारागीर कागद बघतो तेव्हा त्याला हे लगेच खटकतं, दुरुस्त होतं, मगच मेल जातो.

हेच काम बॉटला दिलं आणि त्याने रात्री साडेअकराला परस्पर रेट पाठवला तर मध्ये बघणारं कोणी नाही, आणि एकदा पार्टीकडे गेलेला रेट मागे घेणं किती जड जातं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून रेटच्या कामाला मी साफ सांगतो, महिन्याचा प्लॅन घ्या आणि सेंडचं बटण माणसानेच दाबायचं.

एजन्सी कुठे परवडते? जिथे रोज एकाच साच्याचे भरपूर कागद येतात तिथे. महापेच्या एखाद्या ट्रेडिंग फर्मला मोठ्या कंपन्यांचे पीओ पीडीएफमध्ये येतात, फॉरमॅट ठरलेले, आयटम कोड ठरलेले. तिथे चॅटमधून कॉपी-पेस्ट करत बसलं तर माणूस कंटाळतो आणि चुका वाढतात, त्यामुळे सिस्टीम बनवून घेतलेली बरी. फक्त खर्च नीट विचारा. बनवण्याचे पैसे एकदाच, पण त्यानंतर मेंटेनन्स, एआयचं वापराप्रमाणे बिल, आणि व्हॉट्सॲप जोडलं असेल तर तुमच्याकडून जाणाऱ्या टेम्प्लेट (आधी मंजूर करून घेतलेल्या ठराविक मजकुराच्या) मेसेजेसचे जुलै २०२५ पासून मेसेजमागे पैसे लागतात.

डेटाचं मात्र दोन्हीकडे बघावंच लागतं. पोरं आपापल्या फुकट अकाउंटवर पार्टीचे ड्रॉइंग टाकतात, हे बंद करा, ज्या पार्टीशी एनडीए (माहिती गुप्त ठेवण्याचा करार) केलाय तिचं ड्रॉइंग तर अजिबात नको. चॅटजीपीटीच्या वैयक्तिक अकाउंटवर ट्रेनिंगची (तुमच्या चॅटवरून एआयला शिकवण्याची) सेटिंग स्वतः बंद करावी लागते, बिझनेस प्लॅनमध्ये ती मुळातच बंद असते, आणि तेवढ्यासाठी थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील असं माझं मत. कामगारांचे आधार आणि ग्राहकांचे नंबर यांना २०२३ चा डेटा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे, तेव्हा एजन्सीवाल्याला डेटा कुठे ठेवणार ते लेखी मागा.

दहा-बारा माणसांचं युनिट असेल तर एक बिझनेस प्लॅन, एक जबाबदार माणूस आणि कोटेशन किंवा पेमेंटच्या तगाद्याचे मेल असं एकच काम, एवढ्यावर दोन-तीन महिने काढा. ऐंशी-शंभर माणसांचं असेल आणि एजन्सीकडे जायचंच असेल तर एआयचं अकाउंट, व्हॉट्सॲपचा नंबर आणि सगळे पासवर्ड कंपनीच्या नावावर घ्या, एजन्सीच्या नावावर ठेवू नका. आणि ट्रायल त्यांच्या नमुन्याच्या फाइलवर नको, तुमच्याच गेल्या महिन्याच्या पीओवर घ्या, ज्यातले आकडे तुम्हाला आधीच माहिती आहेत.