बेलोमोचं दहापट भिंग: मावा, मुंग्या आणि कोळी पाहणाऱ्यांसाठी

मुंगीचा पाय नीट पाहायचा तर तीसपट भिंग लागेल असं वाटतं. लागत नाही. दहापट पुरतं, फक्त ते खरंच दहापट असायला हवं. बेलारूसच्या बेलोमो कंपनीचं घडीचं ट्रिप्लेट तसं आहे. व्यास २१ मिमी, आत एकमेकींना चिकटवलेल्या तीन काचा. एकेरी काचेतून कडेला निळी-तांबडी झालर दिसते आणि रेषा वाकतात. इथे आलेखाच्या कागदावरचे चौकोन जवळजवळ कडेपर्यंत सरळ राहतात.

‘३० पट, २१ मिमी’ असं छापलेल्या चकचकीत भिंगांच्या नादी लागू नका. २५० मिमीला पटीने भागलं की नाभीय अंतर (भिंगापासून लांबच्या वस्तूची प्रतिमा जिथे स्पष्ट पडते तिथपर्यंतचं अंतर) मिळतं: दहापटीला २५ मिमी, तीसपटीला जेमतेम ८. त्याच रुंदीची अख्खी काचेची गोटी घेतली तरी तिचं नाभीय अंतर १६ मिमीच्या आसपास भरतं, मग चपटी काच ८ मिमी कुठून आणणार? खात्री करायची तर खिडकीसमोरच्या भिंतीवर बाहेरच्या लांबच्या झाडाची उलटी प्रतिमा पाडा आणि ती स्पष्ट झाली की भिंग ते भिंत अंतर पट्टीने मोजा.

भिंग चांगलं असूनही ‘काही दिसत नाही’ अशी तक्रार असेल, तर चूक बहुतेक धरण्यात असते. पानावर भिंग धरून लांबून डोकावू नका. भिंग डोळ्याशी न्या (चष्मा असल्यास चष्म्याशी), तो हात गालाला टेकवा, आणि मग दुसऱ्या हाताने पान वर आणा. दोन्ही हात एकमेकांना टेकलेले असले की थरथर थांबते. उजेड बाजूने घ्या, नाहीतर डोक्याची सावली नेमकी किड्यावर पडते.

सुरुवात माव्यापासून, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या बारीक किड्यापासून करावी. कोवळ्या शेंड्यावर सोंड रुतवून बसलेला असतो, पळत नाही. पाठीमागे दोन बारीक नळ्या दिसतील. गोड चिकटा त्यांतून येतो हा सार्वत्रिक गैरसमज. तो येतो गुदद्वारातून. नळ्यांतून शत्रूने पकडल्यावर चिकट द्रव आणि इशाऱ्याचा गंध सुटतो. थोडा वेळ नजर ठेवली तर एखादी मादी जिवंत पिल्लाला जन्म देताना सापडते, पिल्लू शेपटीकडून बाहेर येतं. त्याच घोळक्यात फुगलेले, सुक्या पानाच्या रंगाचे मेलेले मावे असतात. एखाद्याच्या पाठीला गोल भोक असेल तर आत वाढलेली चिमुकली गांधीलमाशी तिथून निघून गेली आहे. हे एवढं सगळं एका बोटभर शेंड्यावर!

मुंगी थांबली की तिच्या पुढच्या पायाकडे पाहा. सांध्याशी कंगवा असतो, त्यातून ती एकेक मिशी ओढून साफ करते. खंडोबाचा किडा, म्हणजे प्रार्थनाकीटक, मान न वळवता आपल्याकडे बघतोय असं वाटतं. डोळ्यातला तो सरकणारा काळा ठिपका बाहुली नव्हे. संयुक्त डोळ्याचे जे कप्पे नेमके आपल्या दिशेला असतात ते उजेड गिळतात, म्हणून काळे दिसतात.

उड्या मारणाऱ्या कोळ्यासाठी मात्र हे भिंग चुकीचं. २५ मिमीवर आलात की तो निघून जातो, किंवा थेट भिंगावर येतो. त्याला पाचपट भिंग घ्या, ५० मिमी अंतर मिळतं. नाहीतर पारदर्शक डबी वापरा, पण १५ मिमीपेक्षा खोल नको. तळाशी गेलेला किडा दहापटीच्या टप्प्यातच येत नाही. डबी सावलीत, दोन-चार मिनिटं, आणि जिथून घेतला तिथेच सोडायचा.

उणिवा? स्पष्ट दिसणारा थर इतका पातळ की पाठ दिसते तेव्हा पाय धूसर. जलअस्वलं (आठ पायांचे अतिसूक्ष्म जीव) यातून नीट दिसणार नाहीत, त्यांना सूक्ष्मदर्शकच हवा. पुसण्याआधी धूळ फुंकून काढा, ओरखडे कापडाने नाही, कापडाखालच्या कणाने पडतात. अॅसिटोन किंवा स्पिरिटमध्ये बुडवू नका, काचांमधला डिंक सुटतो. सूर्याकडे रोखू नका, उन्हात उघडं टाकू नका. घडीचा स्क्रू अधूनमधून घट्ट करा. आणि दोरी गळ्यात हवीच, तीही भडक केशरी. काळं भिंग गवतात पडलं की दुसरं भिंग घेऊन शोधावं लागतं.