हॉट अँड कोल्ड स्प्लिटमध्ये गॅस चार्जिंग: पुण्यातल्या एका छोट्या वर्कशॉपच्या कामाचा रिव्ह्यू

काम: दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी, थंडीत हीटर म्हणूनही चालणारा, आर-३२ गॅस. तक्रार: थंडावा कमी, इनडोअर कॉइलच्या एका कोपऱ्यात बर्फ. रेटिंग पाचपैकी चार. एक गुण का कापला ते पुढे येईलच.

आधी चांगलं ते. आल्या आल्या गेज लावून 'गॅस कमी आहे, टॉप-अप मारतो' असं कुणी म्हटलं नाही. एसीचा गॅस बंद सर्किटमध्ये फिरतो, तो वापरून संपत नाही. कमी झालाय म्हणजे कुठून तरी गळतोय. गळती तशीच ठेवून दर उन्हाळ्यात गॅस मारून घेणाऱ्यांचे पैसे अक्षरशः हवेत जातात. शिवाय आर-३२ चा जागतिक तापमानवाढीचा निर्देशांक ६७५ आहे, म्हणजे एक किलो गॅस उडाला की ६७५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं.

मेकॅनिकने उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने वेगळ्या बाटलीत काढला आणि वजनकाट्यावर ठेवला: ४१० ग्रॅम. आउटडोअरच्या प्लेटवर पूर्ण गॅसचा आकडा ०.८८ किलो. निम्म्याहून जास्त गॅस गेला होता, हे इथेच कळलं. गेजच्या दाबावरून हे कधीच कळलं नसतं, कारण बंद मशीनमध्ये थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी दाब फक्त तापमानावर ठरतो. २५ अंशांना आर-३२ चा दाब सुमारे २३० पीएसआय (दाबाचं एकक) दिसतो, मग आत ३०० ग्रॅम असोत की ८००.

त्यानंतर गळती तपासायला कोरडा नायट्रोजन रेग्युलेटरमधून ४०० पीएसआयपर्यंत भरला आणि अर्धा तास ठेवला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: दुपारचं ऊन कलून तापमान तीन अंशांनी उतरलं तर गळती नसतानाही गेजचा काटा साधारण ४ पीएसआय खाली येतो. इथे मात्र तो त्याहून कितीतरी जास्त पडला. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीच चालत नाही, कॉम्प्रेसरच्या तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. आर-३२ आणि हवा यांचं मिश्रणही दाबाखाली घातक आहे, म्हणून 'कॉम्प्रेसर चालवून लाइनमधली हवा काढतो' असं कुणी म्हणालं तर काम तिथेच थांबवा.

गळती इनडोअरच्या मागे, पाइपच्या काळ्या इन्सुलेशनखाली सापडली. साबणाचा फेस लावल्यावर मोहरीएवढे बुडबुडे अर्ध्या इंची नटाच्या कडेने सावकाश फुगत होते. नट सोडल्यावर फ्लेअरला (पाइपचं नटात बसणारं, कर्ण्यासारखं पसरवलेलं तोंड) बारीक चीर दिसली. बसवताना कुणी तरी जोर लावून आवळल्याची ही खूण. तांब्याचा पाइप कटरने कापून, तोंड खाली धरून आतली कोर रीमरने घासून (कण पाइपमध्ये पडू नयेत म्हणून) नवा फ्लेअर काढला, त्याच्या पाठीला तेलाचा एक थेंब लावला. इथपर्यंत उत्तम. नट मात्र साध्या पान्याने आवळला. इथेच एक गुण गेला. पाव इंची नटाला साधारण १४ ते १८ न्यूटन-मीटर आणि अर्ध्या इंचीला ५० ते ६० लागतात. हा फरक हाताच्या अंदाजाने सांभाळता येत नाही, आणि जी चूक दुरुस्त करायला आलो तीच पुन्हा व्हायची शक्यता राहते. टॉर्क पाना काही फार महाग हत्यार नाही. दुसऱ्या नायट्रोजन टेस्टमध्ये सांधा टिकला, हे मान्य.

व्हॅक्यूमचं, म्हणजे आतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढायचं काम या सेवेत सगळ्यात सरस होतं. दोन-स्टेज पंप, सर्व्हिस पोर्टमधली (जिथे गेज जोडतात त्या तोंडातली) पिन काढून घेणारं टूल (पिन तशीच ठेवली तर पंपाला बराच जास्त वेळ लागतो) आणि सिस्टिमच्या बाजूला लावलेलं मायक्रॉन गेज (आत उरलेला अगदी बारीक दाब मोजणारं; आकडा जितका कमी तितकं व्हॅक्यूम चांगलं). मॅनिफोल्डचा (मेकॅनिकच्या नेहमीच्या गेजच्या जोडीचा) काटा उणे ३० इंचांवर टेकला म्हणजे व्हॅक्यूम झालं असं बरेच जण धरतात, पण ती सुरुवात असते. इथे ४८० मायक्रॉन झाल्यावर पंप वेगळा केला. दहा मिनिटांत आकडा ६२० वर जाऊन थांबला. तो दीड-दोन हजारांवर जाऊन स्थिरावला असता तर आत ओल आहे, थांबायचं नावच घेत नसता तर सांधा गळतोय. ओल घातक, कारण या मशीनमधलं तेल पाणी शोषून घेतं, पुढे आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसरचं वाइंडिंग खातं.

मग चार्जिंग. पाइप सात मीटर. या मॉडेलमध्ये पाच मीटरपर्यंतचा गॅस प्लेटच्या आकड्यात धरलेला असतो आणि पुढच्या दर मीटरला २० ग्रॅम. म्हणजे ८८० अधिक ४०, एकूण ९२० ग्रॅम. तुमच्या मॉडेलचे आकडे वेगळे असतील, ते मॅन्युअलमध्ये बघा. बाटली वजनकाट्यावर ठेवून काटा शून्य केला आणि मशीन बंद असतानाच व्हॅक्यूमच्या ओढीवर बराचसा गॅस आत घेतला. उरलेला मशीन कूलिंगवर चालवून, वाल्व्ह थोडा थोडा उघडत, वाफेच्या रूपात दिला. द्रव एकदम सोडला तर तो कॉम्प्रेसरमध्ये शिरतो, आणि द्रव दाबला जात नाही, आतले भाग तुटतात.

आता खास हॉट अँड कोल्डवाल्यांसाठी. या मशीनला बाहेर एकच सर्व्हिस पोर्ट असतो, जाड पाइपवर. कूलिंगमध्ये तो कमी दाबाचा, साधारण १२० ते १५० पीएसआय. हीटिंग लावलं की गॅसची दिशा उलटवणारा फोर-वे वाल्व्ह फिरतो आणि तोच पाइप कॉम्प्रेसरचा गरम गॅस वाहतो. ४५ अंशांना कंडेन्स होणाऱ्या आर-३२ चा दाब सुमारे ३९० पीएसआय. बाटलीत २३०. बाटली उघडी राहिली तर गॅस मशीनमधून बाटलीत उलटा येतो, आणि आर-२२ या जुन्या गॅसच्या काळातलं कमी दाबाचं निळं गेज एवढ्या दाबासाठी बनलेलंच नाही. या मेकॅनिकने गेज आणि बाटली पूर्ण काढून, पोर्टला टोपी लावून, मगच रिमोटवर हीट दाबलं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत तक्रार 'गरम होत नाही' अशी असते आणि मशीन हीटिंगवरच चालू असतं, म्हणून हीटिंग चालू असताना गेज आणि बाटली जोडायची चूक नेमकी तेव्हा होते.

सुरक्षेत एक उणीव राहिली. आर-३२ मंद ज्वलनशील आणि हवेपेक्षा जड, खाली साचतो. काम चाललं त्या ड्राय बाल्कनीला लागून स्वयंपाकघर होतं, तरी शेगडी बंद करायला घरच्यांनाच सांगावं लागलं. चष्मा आणि हातमोजे मात्र होते, आणि ते असायलाच हवेत, कारण हा गॅस उणे ५२ अंशांना उकळतो.

शेवटी क्लॅम्प मीटरने करंट पाहिला, प्लेटच्या आकड्याच्या आत. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत ११ अंशांचा फरक. बिल ३,८०० रुपये, सांध्यावर तीन महिन्यांची हमी. नुसता टॉप-अप याहून स्वस्त पडतो, पण इथे नायट्रोजन, रिकव्हरी आणि व्हॅक्यूम धरून हा दर रास्त आहे. बिलावर मात्र फक्त 'गॅस चार्जिंग' लिहिलं होतं. किती ग्रॅम काढला, किती भरला आणि शेवटचा मायक्रॉन आकडा काय, हे मागून लिहून घ्या आणि आउटडोअरच्या झाकणाच्या आत मार्करने नोंदवा. पुढचा मेकॅनिक कुठलाही आला तरी तो तिथून पुढे काम करू शकेल.