डायटम बूस्टरच्या नावाखाली रंगवलेलं डीएपी खत: १,२५,९०० रुपयांचा चुना

खाडीकाठी व्हेनामी कोळंबी करणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं. सापळा ओळखीचाच आहे: आधी 'मोफत' पाणी तपासणी, मग घाबरवणारा रिपोर्ट, मग तळ्यात डायटम (कोळंबीला चांगलं असलेलं सोनेरी-तपकिरी सूक्ष्म शेवाळ) वाढवणाऱ्या 'बूस्टर'ची बादली. २५ किलोची बादली ४,८५० रुपये, अशा २४ म्हणजे १,१६,४००. वर 'तज्ज्ञांची भेट' ६,००० आणि मोफत म्हटलेल्या तपासणीचे 'केमिकल चार्जेस' ३,५००. बिल कच्चं. जीएसटीचं पक्कं बिल हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका.

रिपोर्टमध्ये एन:पी, म्हणजे पाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरसचं प्रमाण, ३:१ दाखवलं होतं. तळ्यातला बराचसा नायट्रोजन अमोनियाच्या रूपात असतो, कारण तो खाद्यातून येतो. या विक्रेत्या बहाद्दराने फक्त नायट्रेट मोजलं आणि अमोनिया सोडून दिला! शिवाय किटवरचं नायट्रेट ४.४३ ने आणि फॉस्फेट ३.०७ ने भागल्याशिवाय खरा नायट्रोजन-फॉस्फरस कळत नाही. आदर्श म्हणून सगळे सांगतात ते १६:१ अणूंचं प्रमाण, वजनात ते साधारण ७:१ येतं. रिपोर्टवर एकक लिहिलेलं नसेल तर तो कागद चेक ट्रेखाली (खाद्य तपासायच्या ताटाखाली) घालायच्या लायकीचा.

बादलीवर छापलं होतं: विद्राव्य सिलिका २२ टक्के. प्रयोगशाळेत निघालं काय, तर नायट्रोजन १६ टक्के, फॉस्फेट (पी२ओ५) ४१ टक्के, सिलिका नावापुरती. ५० किलो डीएपीची गोणी १,३५० ला मिळते. त्याची पूड करून तपकिरी रंग फासला की झालं बूस्टर. एक हेक्टर, सव्वा मीटरच्या आत पाणी, त्यात दोन बादल्या म्हणजे एका डोसला पाऊण पीपीएम फॉस्फरस. प्रमाण सुधारायचं सोडा, आणखी खाली गेलं. काही निळं-हिरवं शेवाळ हवेतला नायट्रोजन ओढून घेतं, त्याला एवढा फॉस्फरस म्हणजे मेजवानी. डायटमला कवचासाठी सिलिका लागते, नायट्रोजनइतकेच अणू. ती खाद्यातून जवळजवळ येतच नाही, म्हणून हंगामाच्या मध्यावर डायटम आपोआप मागे पडतात. नेमकी हीच गरज हेरून हे लोक येतात.

सगळ्यात झोंबतं ते बांधावरचं. ड्रममध्ये आधीच्या चुन्याची निवळी शिल्लक होती, त्यात पूड पडली आणि नाक जाळणारा वास उठला. डीएपी चुन्याबरोबर तंबाखूसारखं मळलं की अमोनियाचा उग्र वास येतो, हे कोकणातल्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत आहे. पण तो विक्रेता शेजारी उभा राहून 'एन्झाइम जिवंत आहेत' म्हणत होता, आणि तिसऱ्या दिवशी पाणी खरंच सोनेरी झालं. पाण्याचा गढूळपणा बघायला सोडतात ती डिस्क ३५ सेंटीमीटरला दिसेनाशी होत होती, म्हणजे पुस्तकात लिहितात अगदी तसं. कोणाला संशय येणार? तो रंग होता. पाणी गाळणकागदातून गाळा: डायटम असतील तर कागद तपकिरी होतो, रंग असेल तर खालचं पाणी.

पुढे वाऱ्याच्या कोपऱ्यात हिरवी साय धरली, दुपारी पीएच ९.१, पहाटे ऑक्सिजन २.१ पीपीएम. पाण्यात हवा खेळवणारे एरेटर सगळे चालू ठेवूनही माल लहान असतानाच काढावा लागला, आणि त्याला मातकट वास.

आता सरकारी दारं. कृषीवाले म्हणतात, तळ्यात टाकलं ना, मग आमचं खत नाही. मत्स्यवाले म्हणतात, यात अँटिबायोटिक नाही, आम्ही काय करणार. पोलिसांच्या मते हे दिवाणी प्रकरण. नमुना कोणी घ्यायचा यावरच तिघांची टोलवाटोलवी! सील फोडलेली बादली 'पुरावा नाही' म्हणून परत पाठवली, म्हणून प्रत्येक खेपेतली एक बादली न फोडता, बॅच नंबरच्या फोटोसह बाजूला ठेवा.

सिलिका लागतेच असेल तर आधी सिलिकेट मोजून घ्या. साधं सोडियम सिलिकेट चालतं, पण ते अल्कधर्मी आहे, पातळ करून सकाळी थोडं थोडं द्या.

ग्राहक आयोगात जाणार असाल तर समोरचा वकील 'व्यावसायिक हेतू' म्हणून तक्रार उडवायला बघेल. २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगाराने पोट भरणाऱ्याला सूट आहे, ते तक्रारीच्या पहिल्याच पानावर लिहा.