घनवन की गायरान: गावानं पैसा कशात घालावा?

लातूर जिल्ह्यात जंगल 1 टक्क्याच्याही आत. त्यामुळं 'झाडं लावू' म्हटलं की ग्रामसभेत सगळे हात वर होतात. माझाही झाला होता. आमच्या गावानं शाळेमागच्या 10 गुंठ्यांत मियावाकी पद्धतीचं घनवन केलं, म्हणजे थोड्या जागेत देशी झाडं दाटीनं लावली, आणि माळावरचं गायरान नुसतं राखलं. दोन्हीकडं मी राबलोय, म्हणून शेजारच्या गावचे लोक विचारतात, आम्ही काय धरावं?

घनवन दिसतं झकास. पोरांना सावली होते, पाहुण्याला दाखवता येतं. पैसाही लवकर येतो, कारण रोपं मोजता येतात आणि त्यांचा फोटो निघतो. शाळा, दवाखाना, स्मशानभूमी अशा कुंपणातल्या जागेला मी आजही नको म्हणणार नाही.

माझं मन उडालं ते टँकरपायी. दुसऱ्या उन्हाळ्यात हातपंप आटले, टँकर सुरू झाला. बाया घागरी घेऊन रांगेत उभ्या आणि टँकरवाला पाइप हातात धरून मला विचारतो, "मामा, आधी झाडं का आधी घागरी?" काय सांगणार? घागरी म्हणालो. रात्री घरच्या बोअरचं पाणी बॅरलनं नेऊन घातलं, तरी बरीच जांभळं वाळलीच. पुढच्या वैशाखात पुन्हा तेच. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं आणि त्याच वर्षी 1 जुलैला राज्यभर 2 कोटी रोपांची मोहीम झाली. 2019 साली लक्ष्य 33 कोटींवर गेलं. हेतूला नावं ठेवत नाही. पण रोपाला पाणी कुणाच्या वाट्याचं, हे आमच्यासारख्या गावात आधी ठरायला हवं होतं.

गायरानानं कधी पाणी मागितलं नाही. मृगापासून दिवाळीपर्यंत चराई बंद, नंतर गवत कापून न्यायचं, एवढाच नेम. दुसऱ्या पावसाळ्यात नुसत्या कुसळीच्या जागी मारवेल, पवन्या असलं चाऱ्याचं चांगलं गवत दिसायला लागलं. तितरं वाढली, एकदा पहाटे खोकडही दिसलं. देवणी गाईंना घरचा चारा झाला, हे आमच्या दृष्टीनं त्याहून मोठं.

दुखणं एकच: दाखवायला काही नाही. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "इथं तर काहीच केलेलं नाही!" 2002 च्या जैवविविधता कायद्यानं गावोगावी व्यवस्थापन समिती हवी, गावातल्या झाडा-जनावरांची लोकांनी केलेली नोंदवही हवी. आमची दोन्ही आहेत, नोंदवही कपाटात बांधून ठेवलीय. पण राखणदाराचा पगार कशातून द्यायचा म्हटलं की सगळे एकमेकांकडं बघतात. खड्ड्याला पैसे मिळाले, राखणीला वर्गणी काढावी लागली. सरकारनं रोपांच्या खर्चातला थोडा हिस्सा जरी गायरानाच्या राखणीला कायमचा बांधून दिला, तरी आमच्या भागात लई फरक पडेल, असं मला वाटतं.

तुमच्या गावची माती वेगळी असेल, मी जबरदस्ती करत नाही. माळ पूर्वीच नांगरून मोडला असेल तर झाडांचा विचार करा. नसेल, तर दिवाळीच्या सुमाराला तिथून एक चक्कर मारून या. पायजम्याला कुसळं टोचली तर बी जमिनीत जिवंत आहे. तिथं खड्ड्यांसाठी जेसीबी बोलावू नका.