लेन्स बसेल, पण चालेल का? कॅनन, निकॉन, सोनीच्या नावांतली अक्षरं

५० एमएम एफ/१.८ घ्यायचं ठरलं की निवड झाली असं वाटतं. पण ती लेन्स तुमच्या कॅमेऱ्यावर चालेल का, हे या आकड्यांवरून कळत नाही. ते कळतं आगेमागे छापलेल्या अक्षरांवरून. आणि अक्षर चुकलं तर प्रत्येक कंपनीत फटका वेगळा बसतो.

कॅननच्या डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत, चूक जागच्या जागी कळते. ईएफ लेन्सवर लाल ठिपका असतो, ईएफ-एसवर पांढरा चौकोन. क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरच्या बहुतेक बॉडींवर दोन्ही खुणा असतात. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या बॉडीवर फक्त लाल ठिपका, तिथे ईएफ-एस बसतच नाही. वापरलेली लेन्स घेणाऱ्याला याइतकी सोपी खूण दुसरी नाही.

निकॉनमध्ये जास्त जपून राहावं लागतं. माउंट म्हणजे लेन्स अडकवायची कडी; निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा, त्यामुळे जुन्या लेन्सही बहुतेक बसतात आणि तिथेच माणूस फसतो. एएफ ५० एमएम एफ/१.८डी उलटी करून बघा. माउंटच्या कडेला स्क्रूच्या डोक्यावर असते तशी बारीक खाच दिसेल. बॉडीतल्या मोटरचा दांडा त्या खाचेत बसून फोकस फिरवतो. डी३५०० किंवा डी५६०० मध्ये ही मोटर नाही. लेन्स बसेल, फोटो निघेल, पण फोकस हातानेच करावा लागेल. या बॉडींसाठी एएफ-एस ५० एमएम एफ/१.८जी घ्या, तिची मोटर लेन्समध्येच आहे. पळणाऱ्या लेकराचा फोटो काढताना हा फरक फार जाणवतो.

सोनीच्या मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत, माउंट एकच. एफई म्हणजे फुल फ्रेम, नुसतं ई म्हणजे क्रॉप. ई लेन्स फुल फ्रेमवर बसते, ऑटोफोकसही होतो, पण कॅमेरा फक्त मधला भाग वापरतो आणि २४ मेगापिक्सेलचे जेमतेम १० उरतात. फुल फ्रेमकडे नक्की जायचं असेल, तरच आज एफईचं वजन आणि जादा खर्च सोसावा.

मिररलेसवर जुन्या लेन्स लावता येतात, कारण आरशाची जागा मोकळी झाली आहे. कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफमध्ये माउंट ते सेन्सर अंतर ४४ मिमी, मिररलेसच्या आरएफमध्ये २०. अ‍ॅडाप्टर मधले २४ मिमी भरून काढतो आणि ईएफचा ऑटोफोकस चालू राहतो. उलट, आरएफ लेन्स डीएसएलआरवर लावता येत नाही. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडाप्टरमध्ये मोटर नाही, म्हणून वरची डी लेन्स निकॉनच्या झेड मिररलेसवरही हातानेच फोकस करावी लागते. हाताशी ईएफ लेन्स असतील तर अ‍ॅडाप्टरच घ्या. पाटी कोरी असेल तर थेट आरएफ किंवा झेड.

सिग्मात डीजी म्हणजे फुल फ्रेम, डीसी म्हणजे क्रॉप. पुढे डीएन असेल तर ती मिररलेससाठीची. टॅमरॉनमध्ये हेच डीआय, डीआय २ आणि डीआय ३. विकणारा नुसतं ‘कॅननची आहे’ म्हणाला, तर ईएफ की आरएफ हे विचारा आणि मागच्या बाजूचा फोटो मागवून घ्या.